रणांगणावरून परतलेले मन



इंग्रजी भाषेत डोके फिरलेल्या माणसाला एक गमतीदार शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'डूलॅली'. विलायतेतल्या कोणा म्हाताऱ्याला विचारले तर तो हसून अर्थ सांगेल. पण हा शब्द कुठून आला ते त्याला बहुधा सांगता येणार नाही. आपल्याला मात्र ते माहीत असायला हवे, कारण हा शब्द आपल्या नाशिक जिल्ह्याने इंग्रजांना दिला आहे. डूलॅली म्हणजे देवळाली. इथून तासाभराच्या मोटारप्रवासावर असलेले, आज तोफखान्याच्या विद्यालयासाठी प्रसिद्ध असलेले आपले देवळाली कॅम्प.

ह्या शब्दाची हकीकत अशी. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात मुदत भरलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशी पाठवण्यापूर्वी देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत. त्यांना नेणारी जहाजे वर्षभर चालत नसत. साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम असे. हंगामातले शेवटचे जहाज चुकले की पुढच्या हिवाळ्यापर्यंत देवळालीला बसून राहायचे. कवायत नाही, मोहीम नाही, काम नाही. उन्हाळा, मग पावसाळा, हिवताप, दारू, पत्ते आणि उद्याची वाट. ह्या वाट पाहण्यात कित्येकांची मने बिघडत. मग सोबती म्हणत, ह्याला देवळालीचा 'टॅप' झाला! तो टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि देवळाली तेवढी राहिली.

सोल्जरांच्या बोलीतला शब्द म्हणजे काही वैद्यकीय पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु बोलीभाषेत कधी कधी शहाणपण साठलेले असते. सरहद्दीवर गोळ्यांचा वर्षाव सोसलेली, पटकी आणि उष्माघात यांतून तगलेली ही माणसे देवळालीच्या निर्धोक बराकीत का मोडावीत? इथे तर त्यांच्यावर कोणी बंदूक रोखलेली नव्हती. माझ्या आजच्या भाषणाचा सारा विषय ह्या प्रश्नात आला आहे. लढाईचा घाव एका दिवशी बसतो. त्या घावाचे पुढे काय होते, माणूस त्याने खचतो की त्यातून काही नवे उभे करतो, हे पुष्कळसे त्यानंतरच्या दिवसांवर अवलंबून असते: त्या दिवसांत हाताला काय काम मिळाले आणि शेजारी कोण बसले होते ह्यावर. हे मी माझ्या बुद्धीप्रमाणे आज आपणांपुढे मांडणार आहे.

लढाईने मनाला जखम होते ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार कष्टाने मान्य केली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतून सैनिक परत येऊ लागले. अंगावर ओरखडा नाही, पण हात थरथरताहेत, वाचा गेली आहे, दिसेनासे झाले आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टराने अशा रोग्यांविषयी लिहिताना 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द छापात आणला. गोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसत असावा असा आरंभीचा तर्क होता. पुढे लक्षात आले की ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नाही त्यांनाही हे होते. त्या काळची लष्करी न्यायासने मात्र एवढी खोलात जाणारी नव्हती. पळून गेला, भ्याला, अशा आरोपांवरून ब्रिटिश फौजेने आपल्याच तीनशेहून अधिक शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांना क्षमा मिळाली ती २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी. अखेर व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगांच्या अधिकृत यादीत एका विकाराची नोंद केली. आपण मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतो. रात्री तीच लढाई पुन्हा दिसणे, फटाक्याच्या आवाजाने जमिनीवर पालथे पडणे, बायकामुलांत बसूनही त्यांच्यात नसणे, क्षुल्लक कारणाने संतापणे, ही त्याची लक्षणे.

योगायोग असा की त्याच १९८० साली आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. उत्तर व्हिएतनामच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे काढलेल्या अमेरिकन वैमानिकांना डॉक्टर विल्यम स्लेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले होते, की ह्या कैदेने तुमच्या मनाचे काय केले? यातना झालेल्या, एकांतकोठडीत राहिलेल्या ह्या लोकांपैकी साठ टक्क्यांहून अधिकांनी सांगितले की आमच्यात काही बदल चांगले झाले. माणसांची किंमत कळली, स्वतःची ओळख पटली, काय महत्त्वाचे आणि काय बिनमहत्त्वाचे ते उमगले. एकीकडे विकाराला नाव मिळत होते आणि दुसरीकडे त्याच युद्धातले लोक ही गोष्ट सांगत होते.

पुढे उत्तर कॅरोलायना राज्यातील रिचर्ड टेडेश्ची आणि लॉरेन्स कॅलहून या दोन मानसशास्त्रज्ञांनी ह्या अनुभवाला नाव दिले: आघातोत्तर वाढ. १९९६ साली त्यांनी ती मोजण्यासाठी एकवीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते ही वाढ पाच अंगांनी दिसते. माणसांशी नाते अधिक जवळचे होते. आयुष्यात नव्या वाटा दिसतात. आपल्या अंगी बळ आहे हे कळते. श्रद्धेच्या वा तत्त्वचिंतनाच्या बाजूने मन खोल जाते. आणि साध्या जगण्याची गोडी वाढते. ह्या पाचांची घोकंपट्टी करण्याचे कारण नाही. त्यांची एक उपमा तेवढी ध्यानात ठेवा. ते म्हणतात, असा आघात म्हणजे भूकंप. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आपण पाहिले, की पिढ्यान्पिढ्या ज्या दगडी भिंतींच्या भरवशावर माणसे निजत होती त्याच भिंतींनी त्यांना गाडले. मनाच्याही अशा भिंती असतात. जग साधारण न्यायाने चालते, मी जपून वागलो तर मला काही होणार नाही, माझा सोबती उद्या सकाळी चहाला असेल. लढाईत ह्या भिंती एका क्षणात कोसळतात. पुढे नवे घर उभे राहिले तर त्याचे श्रेय भूकंपाला कोणी देत नाही. ते उभे करणारे हात वेगळेच असतात. टेडेश्ची आणि कॅलहून यांनीही हेच बजावून सांगितले आहे, की वाढ होते ती आघाताने होत नाही, आघातानंतरच्या झगड्यात होते. ही सूचना पुष्कळ लोक वाचतात आणि विसरतात.

अमेरिकेतील मानसशास्त्राच्या ह्या गोष्टी ऐकून कोणी म्हणेल, हे सारे साहेबाचे. तेव्हा आपण आपल्याच घरात येऊ. ह्या गावाच्या मधोमध उभे असलेले त्र्यंबकराजाचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. काम १७५५ च्या सुमारास सुरू झाले आणि १७८६ मध्ये पुरे झाले असे सांगतात. हे दोन सन जरा जवळ ठेवून पाहा. त्यांच्या मध्ये १४ जानेवारी १७६१ हा दिवस येतो. ह्या मंदिराचे दगड घडवले जात असताना पानिपत झाले!

पानिपताचा घाव मराठी मनाला किती खोल लागला हे सांगायला इतिहासकार नको. आपल्या बोलीत आजही कुणाची धूळधाण झाली की त्याचे पानिपत झाले म्हणतात. एकाच आघाताने तीन माणसांचे काय झाले ते पाहा. नानासाहेब रणांगणावर नव्हते. पुत्र विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेल्याची वार्ता त्यांना वाटेत कळली. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पर्वतीवर त्यांचा अंत झाला. दुसरे नाना फडणीस. तेव्हा वय एकोणीसही पुरे नव्हते. आई त्या पळापळीत गेली, स्वतः वेष पालटून, उपाशीतापाशी, कसेबसे दक्षिणेत पोहोचले. ह्या तरुणाने पुढे आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते, आणि ती वाचताना मुत्सद्दी नाना दिसत नाही, भेदरलेला मुलगा दिसतो. जे सोसले ते शब्दांत मांडायला हवे ही आजच्या मानसोपचाराची एक प्रमुख शिकवण आहे. नानांना ती कोणी दिली नव्हती.

तिसरे महादजी शिंदे. माझ्या विषयाच्या दृष्टीने हेच सर्वांत महत्त्वाचे. रणांगणावरून निघताना पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराचा वार पायावर बसला आणि महादजी पडले. पाय कायमचा अधू झाला. त्या अवस्थेत त्यांना उचलले कोणी? कोणा सरदाराने नव्हे. राणेखान नावाचा एक भिस्ती, पखालीने पाणी वाहणारा माणूस, त्याने त्यांना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. ह्या लंगड्या माणसाने दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, दिल्लीत पुन्हा मराठ्यांचा अंमल बसवण्यात पुढाकार घेतला आणि बादशहा शाह आलमला त्याच्या तख्तावर आणून बसवले. हे इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात असते. मला अधिक मोलाचे वाटते ते वेगळेच. महादजींनी राणेखानाला भाऊ मानले, आणि ते तोंडदेखले नव्हते. त्याला सरदारकी दिली, फौजा दिल्या. १७८८ साली गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले तेव्हा दिल्लीवर जी फौज चालून गेली ती राणेखानाच्या हाताखाली होती. जातीचा, धर्माचा, दर्जाचा सारा भेद ओलांडून एका पाणक्याशी भावाचे नाते जोडणे, हे पानिपतापूर्वीच्या महादजींना सुचले असते की नाही? मी त्याचे उत्तर देत नाही. पण माणसांशी नाते बदलणे हे जे आजच्या प्रश्नावलीतले पहिले अंग, त्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मला परदेशी ग्रंथांत सापडले नाही.

आता आपल्या काळाकडे वळू.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे नाव अलीकडे, २०२४ साली निघालेल्या 'चंदू चॅम्पियन' चित्रपटामुळे घरोघर पोहोचले. ते लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी दलातले जवान, आणि मुष्टियोद्धे. मुष्टियोद्ध्याचे सारे आयुष्य त्याच्या पायांवर उभे असते. ठोसा हाताने मारला तरी त्याचे बळ पायातून येते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर झालेल्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक मणक्यात बसली. कमरेखालचे शरीर निकामी झाले. वय एकवीसही पुरे नव्हते.

मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. जमिनीवर जे शरीर ओझे होते ते पाण्यात हलके झाले. खांदे आणि दंड मुष्टियुद्धाने कमावलेले होतेच. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे सराव झाले, सरावाची स्पर्धा झाली, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला भरलेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर मुक्तशैलीच्या शर्यतीत पेटकरांनी सदतीस सेकंदांच्या आसपास वेळ देऊन जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भारताला कोणत्याही ऑलिंपिकमध्ये, अपंगांच्या वा धडधाकटांच्या, वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारा हा पहिला माणूस. पुढे त्यांनी पुण्याला टेल्कोत नोकरी केली. सरकारला त्यांची आठवण झाली ती २०१८ साली पद्मश्री देताना, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडला २०२५ च्या जानेवारीत. त्रेपन्नाव्या वर्षी, हो, पदकानंतरच्या त्रेपन्नाव्या वर्षी! ह्यावर मी भाष्य करीत नाही.

पेटकरांची गोष्ट सांगताना वक्ते बहुधा जिद्द, जिद्द असा घोष करतात. जिद्द होतीच. पण मला त्यात ते पाणी दिसते. कोणीतरी त्या पलंगावरच्या पोराला, आता पडून राहा, सरकार पेन्शन देईल, असे न म्हणता पाण्यात उतरवले. देवळालीच्या गोऱ्या सोल्जरला असे पाणी कोणी दाखवले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. राळेगणसिद्धीचे किसन बाबूराव हजारे, ज्यांना सारा देश अण्णा हजारे म्हणून ओळखतो, ते सैन्यात गाडी चालवीत असत. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात झालेल्या हल्ल्यात आपले सोबती गेले आणि आपण वाचलो, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यांनी हेही सांगितले आहे, की तरुणपणी एकदा आयुष्य संपवण्याचा विचार मनात आला होता आणि दिल्लीच्या स्टेशनावर विवेकानंदांचे एक पुस्तक हाती आल्याने तो फिरला. मी का वाचलो, हा प्रश्न लढाईतून परतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला छळतो. बहुतेकांच्या बाबतीत तो प्रश्न एखाद्या काट्यासारखा आत सलत राहतो. हजाऱ्यांनी त्याला कामाचे रूप दिले. १९७५ साली निवृत्त होऊन ते दुष्काळी, दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेल्या आपल्या गावात आले, साठवलेल्या पैशांतून यादवबाबांचे पडके देऊळ दुरुस्त केले, आणि मग त्याच देवळात बसून गावाला पाणी अडवायला लावले.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याची राळेगणची जी रीत होती, आणि जी हजाऱ्यांनी लपवलेली नाही, ती मला पटत नाही. पण ती इथे सांगण्याचे कारण निंदा नव्हे. आघातातून वाढलेला माणूस म्हणजे संत झाला, त्याच्यात आता दोष उरला नाही, असे समजण्याची आपल्या समाजाला फार सवय आहे. पलटणीतली शिस्त आणि पलटणीतला कठोरपणा दोन्ही गावात येतात. माणूस वाढतो तो आपल्या साऱ्या गुणदोषांसकट.

मुंबईत जन्मलेले मेजर जनरल इयान कार्डोझो यांचे नाव ओझरते घेऊन पुढे जातो. १९७१ च्या युद्धात सिल्हेट भागात सुरुंगावर पाय पडला, आणि ज्या गुरखा पलटणीचे ते अधिकारी होते तिच्या खुकरीने त्यांनी आपला चिरडलेला पाय स्वतः तोडला. पुढची शस्त्रक्रिया युद्धकैदी झालेल्या एका पाकिस्तानी सर्जनने केली. लाकडी पायावर ते पायदळाच्या पलटणीचे आणि पुढे ब्रिगेडचे अधिपती झाले. युद्धात अपंग झालेल्या अधिकाऱ्याला हे आपल्या सैन्यात पूर्वी मिळाले नव्हते. निवृत्तीनंतर ते भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्ष झाले, म्हणजे देशभरच्या अपंगांचा प्रश्न त्यांनी आपला केला.

आता ह्या तीन उदाहरणांनी आपली दिशाभूल होऊ नये. पदके मिळालेल्यांची नावे आपल्याला माहीत असतात; न मिळालेल्यांची नसतात. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तीन हजारांहून अधिक माजी सैनिकांना विचारले असता सुमारे निम्म्यांनी आपल्यात बऱ्यापैकी वाढ झाली असे सांगितले. त्यांतही ज्यांच्यात ताणविकाराची लक्षणे होती त्यांच्यात हे प्रमाण अधिक, म्हणजे ७२ टक्के होते. हा आकडा नीट समजून घ्या. आपली कल्पना अशी असते की दुःख ओसरले म्हणजे वाढ सुरू होते. ह्या माणसांत दोन्ही एकाच घरात नांदतात. दिवसा गावाच्या पाणीयोजनेसाठी धावणारा माणूस रात्री दचकून उठतो. तो खोटा नसतो आणि अर्धवट बराही झालेला नसतो.

शास्त्रज्ञांतही ह्या कल्पनेवर शंका घेणारे आहेत, आणि त्यांची शंका निराधार नाही. पॅट्रिशिया फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की माणसे 'मी बदललो' म्हणतात तेवढी ती बदललेली असतातच असे नाही. त्यांनी विद्यार्थ्यांची तपासणी आघाताच्या आधी आणि नंतर अशी दोनदा केली होती, आणि तोंडी सांगितलेला बदल व मोजलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. म्हणजे कधी कधी वाढ ही मनाने स्वतःला घातलेली समजूत असते. असेना का, असे कोणी म्हणेल. समजुतीनेही माणूस जगतो. मला ते पुरते मान्य नाही, कारण समजूत एकदा लोकांनी उचलली की तिची सक्ती होते. घरातला माणूस गप्प बसला आहे, जेवत नाही, आणि आपण त्याला म्हणतो, 'होते ते बऱ्यासाठीच. देवाने तुला काही शिकवले.' ज्याने सोबत्याचे प्रेत खांद्यावरून आणले त्याला ह्याचा अर्थ काय लागेल? सोबती माझ्या शिक्षणासाठी मेला? आपल्या अनुभवातून बरे काय निघाले हे म्हणण्याचा अधिकार फक्त त्याचा. ते त्याने वीस वर्षांनी म्हणावे, किंवा कधीच म्हणू नये.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात ह्या गावची सेहेचाळीस माणसे कामी आली. गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' असे लावतात. ब्रिटिश सरकारने त्या युद्धानंतर देशभर गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर सारखाच: ह्या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अशी पाटी आपण कधी पाहिली तर मनाशी वजाबाकी करा. जी बाकी उरते ती परत आलेल्यांची. त्यांच्याविषयी पाटीवर अवाक्षर नाही. मेसोपोटेमियाच्या वाळवंटातून, फ्रान्सच्या चिखलातून ही माणसे परतली, नांगराला लागली, आणि त्यांना कोणी काही विचारल्याची नोंद नाही. त्यांच्यातला एखादा रात्रीचा ओरडत उठत असेल तर बाहेरची बाधा म्हणून त्याला मांत्रिकाकडे नेले असेल.

सगळेच अंधारात होते असेही नाही. १९१७ साली, महायुद्ध चालू असतानाच, अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था मुंबईत निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७४ पासून खडकीला मणक्याच्या दुखापतीने पांगळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात, आणि ज्यांचे हातही गेले ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. दया म्हणून ती चित्रे विकत घेऊ नयेत. चित्र आवडले तर घ्यावे.

त्र्यंबकेश्वरात उभे राहून आणखी एक गोष्ट न बोलणे बरे दिसणार नाही. ह्या गावी देशभरची माणसे नारायणबळीसाठी येतात. अपमृत्यू आलेल्या, ज्यांचे नीट काही करता आले नाही अशा मृतांसाठी हा विधी करतात. मी शास्त्री नाही. विधीने मृताला काय मिळते ह्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. जिवंताला काय मिळते एवढे मी मनाच्या अभ्यासाच्या अंगाने पाहू शकतो. त्याला मृताचे नाव मोठ्याने उच्चारायला मिळते. त्याच्यासाठी हाताने काही करायला मिळते. चारचौघांच्या साक्षीने रडायला मिळते, आणि ते कोणी दुबळेपण मानीत नाही. लढाईत ह्यातले काहीच शक्य नसते. सोबती पडतो आणि पलटण पुढे जाते. ते राहून गेलेले कर्तव्य परतलेल्या सैनिकाच्या छातीवर वर्षानुवर्षे बसलेले असते. तो इथे येवो वा न येवो, श्रद्धाळू असो वा नसो, त्याच्या तोंडून त्या सोबत्याचे नाव निघेल अशी एखादी जागा त्याला लागते. ती घराची ओसरीही असू शकते. विधीने ताणविकार बरा होतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये. झोप उडालेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला वैद्यच लागतो, आणि ते त्याला इथल्या कोणत्याही ब्रह्मवृंदाने मोकळेपणी सांगावे.

आपल्या पंचक्रोशीत निवृत्त जवान पुष्कळ आहेत. देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिकरोडचे तोफखाना केंद्र ह्यांमुळे कितीतरी कुटुंबे जिल्ह्यात स्थायिक झाली. आपण त्यांचे काय करतो? सव्वीस जानेवारीला बोलावतो, नारळ देतो, शाल घालतो, आणि चार शब्द बोला म्हणून ध्वनिक्षेपक पुढे करतो. तो बिचारा शौर्याचे चार शब्द बोलतो, कारण आपल्याला तेच ऐकायचे असते. मग वर्षभर त्याला बँकेच्या दारावर पहारेकरी करून ठेवतो. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत पलटणीतून बाहेर पडलेला, यंत्र जाणणारा, माणसे सांभाळलेला, नकाशा वाचणारा गडी! गावाच्या पाणलोटाचे काम, शाळेची कवायत, कुंभमेळ्यातल्या गर्दीचा बंदोबस्त, डोंगरावर वाट चुकलेल्यांचा शोध, इतकी कामे पडलेली असताना त्याला दारात स्टुलावर बसवणे ही देवळालीचीच बराक, फक्त थोडी लहान.

घरातल्या मंडळींना, विशेषतः माताभगिनींना, एवढेच सांगतो. तो बोलू लागला तर मध्ये शहाणपण सांगू नका, आणि बोलत नसेल तर खोदून विचारू नका. ज्या घरात चहाच्या वेळी एक माणूस उगाच शेजारी बसून राहतो, त्या घरात वीस वर्षांनी का होईना गोष्ट बाहेर येते. दारू वाढली, झोप गेली, स्वतःला संपवण्याची भाषा आली, तर थांबू नका. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारची विनामूल्य सेवा रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. क्रमांक पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. सभेत मागच्या बाजूला पलटणीतून निवृत्त झालेली काही मंडळी बसलेली मला दिसताहेत. त्यांपैकी कोणाला माझे म्हणणे चुकीचे वाटले असेल तर प्रथम त्यांनी बोलावे; बाकीच्यांनी तोपर्यंत थांबावे, अशी माझी विनंती आहे. आणि इथे बोलणे ज्यांना नको वाटते, त्यांच्यासाठी मी उद्या सकाळी नऊपर्यंत गावातच आहे.